मल्लाप्पा आणि माझा रफार

श्रीकरवीरनिवासिनी जगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून आणि वाणीला सत्याबाहेर पाऊल टाकू न देण्याची तिच्याकडे याचना करून मी हे लिहावयास बसलो आहे. आज सोमवार. आमच्या समोरच्या घरात अकरा वर्षे राहिलेले मल्लाप्पा मगदूम यांना देह ठेवून आज एक महिना झाला. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी हे लिहितो. ज्यांनी पाहिले त्यांतल्या पुष्कळांना त्यांचे नावही ठाऊक नसेल. कारखान्यात धोक्याचा भोंगा बसवून जाणाऱ्या माणसाची आठवण भोंगा वाजल्याखेरीज कोणाला होत नाही, आणि वाजला तरी ती भोंग्याचीच होते.

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत ते राहावयास आले त्या सकाळी मी नुकता पूजेवरून उठलो होतो. बेल वाजली. दार उघडले, तर उंच, सावळे, पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे. कपाळावर भस्माचे तीन ठळक पट्टे आणि शर्टाच्या खिशाला पेनांच्या जागी चार बारीक स्क्रू-ड्रायव्हर.

"चालू हाय," ते म्हणाले.

"काय चालू आहे?"

"बेल तुमची. समोर ऱ्हायला आलोय. मगदूम." एवढे बोलून त्यांनी नमस्कार केला आणि जिना चढून वर गेले. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरून पाटीलकाकूंचा आवाज साऱ्या जिन्यात घुमला. "खुळं-बिळं हाय काय हे! सक्काळी सक्काळी कडी वाजवतंय?" त्यावर तितक्याच मोठ्या, पण अगदी शांत आवाजात उत्तर आले, "बेल बंद हाय की काकू तुमची. म्हणून कडी वाजवली. दुपारच्याला नीट करून देतो." दुपारी त्यांनी ती खरोखरच नीट करून दिली. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला ते आठही घरांच्या बेला वाजवून पाहत. प्रथम लोक चिडले, मग हसले, आणि शेवटी एक तारखेला बेल वाजली की आतूनच "चालू हाय, चालू हाय!" असे ओरडू लागले. मी एकदा विचारले, "मल्लाप्पा, हा खटाटोप कशासाठी?" ते म्हणाले, "वाजायची वस्तू मधनं-मधनं वाजवून बघायची असती, सर. न्हायतर वेळंला मुकी ऱ्हाती."

त्यांचा व्यवसाय मला उमजावयास काही महिने लागले. पुण्याकडची एक कंपनी कारखान्यांसाठी अलार्मची उपकरणे बनवीत असे आणि कोल्हापूरच्या भागात ती बसवण्याचे व सांभाळण्याचे काम मल्लाप्पांकडे करारावर होते. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. तिच्यात कारखान्याच्या सोळा जागांहून सोळा तारा येतात. कोठे उष्णता वाढली, कोठे पाणी घटले, कोठे दाब चढला, की पेटीला कळते. ती भोंगा वाजवते आणि बिघाड कोठे आहे ते लिहून दाखवते. तेथला माणूस बटण दाबून 'ऐकले' म्हणेपर्यंत भोंगा थांबत नाही. कोणत्या तारेवर किती क्षण थांबून ओरडायचे, हे सारे पेटीला आधी शिकवावे लागते. ते शिकवणे म्हणजे मल्लाप्पांचे काम. "पेटी हुशार न्हाय सर," ते सांगत. "पेटी गरीब हाय. सांगंल त्येवढंच करती. म्हणून सांगणाऱ्यानं जपून सांगायचं."

पहिले वर्षभर उपकरण वॉरंटीत असे. पेटीच्या सांध्यावर एक चकचकीत कागद चिकटवलेला असे, आणि तो फाटला तर कंपनीची जबाबदारी संपे. तो कागद मल्लाप्पा ज्या अलगदपणे चिकटवीत तसे मी देवाला गंध लावतानाही क्वचितच केले असेल. वॉरंटी या शब्दाला मराठीत काय म्हणावे, असे मी एकदा त्यांनाच विचारले. त्यांनी बराच विचार केला. "काय म्हणावं? वरीसभर मी हाय, असं सांगणं. बास." आणि ते खरोखर असत. कोठून फोन आला तरी जेवते ताट झाकून निघत. महिन्यातले वीस दिवस ते राधानगरीपासून सीमेपर्यंतच्या कारखान्यांतून हिंडत, आणि कोठेही कोणाचे पाहुणे होत नसत. यंत्राजवळच्या स्टुलावर बसून भाकरी खात आणि परत येत.

घरी वाट पाहणारे कोणी नव्हते. पत्नी लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी निवर्तली, मूलबाळ नव्हते. सीमेलगतच्या त्यांच्या गावी एक थोरली बहीण होती, तिला ते अक्का म्हणत. पहाटे त्यांचे दार उघडे असे. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते भिंतीकडे तोंड करून निश्चल बसलेले मला दिसत. माझ्या देवघरात पुष्कळ देव आहेत आणि त्यांच्या सेवेत माझी सकाळ सरते; या माणसाचे सारे देवघर त्याच्या तळहातावर मावत असे. माझीही पत्नी गेलेली आणि मुलगा परदेशी. संध्याकाळी ते गावात असले तर माझ्या गॅलरीत येऊन बसत. मी चहा करी. आम्ही फारसे बोलत नसू. खालच्या रस्त्यावर क्लासच्या मुलांच्या सायकली, रिक्षा आणि बसगाड्या यांचा कोलाहल चालू असे आणि आम्ही दोघे कपातला चहा निवेपर्यंत तो पाहत असू. एकटेपणा दोघांत वाटून घेतला म्हणून कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे. पण तो बसावयास मात्र शिकतो.

एका संध्याकाळी ते एक कागद घेऊन आले. राधानगरीच्या वाटेवर एक दूध कारखाना आहे. तेथे दूध आटवून त्याची भुकटी करतात. तेथली जुनी इंग्रजी अक्षरांची पाटी जाऊन नवी पेटी आली होती. "जुन्या पाटीवर सोळा खिडक्या हुत्या, सर. माणसं वाचत नसत, जागा बघत. तिसरी खिडकी लाल झाली की गडी समजायचा. आता एकच बारकी पट्टी हाय, तिच्यावर अक्षरं येत्यात. आन् अक्षरं इंग्लिश. गडी चौथी-सातवी शिकल्याली. मी म्हटलं, मराठी घालतो. पेटी घेती मराठी. तुमी शब्द द्या."

मला मनापासून आनंद झाला. पस्तीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर माझ्याकडे कोणी एक शब्दही मागितला नव्हता. दोन दिवस मी कोश उघडून बसलो. बिघाड ज्या जागी असेल तिचे नाव पट्टीवर उमटावे, असे ठरवून तापमान, प्रवाह, पातळी अशी नावे मी सुवाच्य अक्षरांत लिहून काढली. सर्व ठीक असताना काय दिसावे, म्हणून 'स्वस्थ' हा शब्द दिला. एका जागेवर मल्लाप्पा अडले.

दूध ज्या मोठ्या भांड्यात आटते त्यातली हवा पंपाने काढून घेतलेली असते. हवा नसली की दूध थोड्या उष्णतेवरच उकळते आणि करपत नाही. कोठून हवा आत शिरली तर उष्णता चढत जाते आणि दूध करपू लागते. त्या जागेसाठी मी लिहिले होते, 'निर्वात'.

"'हवा शिरली' असं घालू का, सर?"

"ते वाक्य झाले, मल्लाप्पा. बाकीच्या पंधरा संज्ञा आणि मध्येच एक वाक्य? निर्वात हा शुद्ध शब्द आहे. निर् आणि वात. जेथे वायू नाही ते."

"तुमी म्हणताय म्हंजे शुद्धच," ते म्हणाले आणि त्यांनी तो तसाच घेतला. पेटी बसवून आल्यावर दोन-तीनदा म्हणाले, "एकदा या की बघायला. तुमची अक्षरं कशी उजळत्यात ती बघा." माझे गुडघे दुखत होते. मी गेलो नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी ते घडले. दुपारची पाळी होती. आटवणीच्या भांड्यावर तानाजी नावाचा शाहूवाडीकडचा एक गृहस्थ होता; पंचेचाळीस वर्षांचा, आठ वर्षे हंगामी आणि त्या महिन्यात कायम होणार असलेला. भोंगा वाजला. तानाजीने येऊन बटण दाबले, पट्टीकडे पाहिले आणि तो पलीकडची टाकी धुवावयास निघून गेला. परत आला तेव्हा भांड्यातले सारे दूध तांबूस होऊन करपले होते. माणसाला इजा झाली नाही, ही जगदंबेची कृपा. पण कित्येक गावांचे सकाळचे दूध गटारात सोडावे लागले आणि दोन दिवस कारखाना बंद राहिला.

साहेबांनी तानाजीला विचारले, पट्टीवर काय होते? तो म्हणाला, "निवांत." सारे हसले. तो पुन्हा म्हणाला, "खरंच सायेब, मशीनच म्हटलं निवांत. मला वाटलं, मिटलं." हे उत्तर उद्धटपणाचे मानले गेले, आणि त्या संध्याकाळपर्यंत कारखान्यात त्याचे नाव निवांतराव पडले.

उपकरण वॉरंटीत असल्याने चौकशीला मल्लाप्पा गेले. त्यांच्या अहवालाच्या कागदावर तीन चौकटी असत: उपकरणाचा दोष, बसवणीचा दोष, वापरणाऱ्याचा दोष. यांतल्या एकीत खूण करावयाची. कारखान्याच्या साहेबांना तिसरी चौकट हवी होती आणि कंपनीलाही तीच. तेथे खूण झाली की तानाजी घरी जाणार आणि बाकी सारे मोकळे. मल्लाप्पांनी खूण केली नाही. त्यांनी सर्वांना बाजूला व्हावयास सांगितले, पेटीला मुद्दाम तोच बिघाड दाखवला, आणि तानाजी जेथे उभा होता तेथे, तितक्याच पावलांवर, तशाच वाफेत जाऊन ते उभे राहिले. त्यांनी वाचले. मग मोबाइलवर छायाचित्र काढले आणि थेट माझ्याकडे आले.

"सर, हे वाचा."

मी चष्मा लावला. धूसर काचेवर हिरवी अक्षरे चमकत होती. मी वाचले, "निवांत."

मल्लाप्पा जवळ वाकले. त्यांनी बोटांनी चित्र मोठे केले. तेव्हा मला दिसले. 'वा'च्या डोक्यावर माझा रफार होता. पण त्या बारीक ठिपक्यांच्या पट्टीवर त्याची कमान मावली नव्हती. कमानीचा उरला होता एक ठिपका, आणि तो बरोबर अनुस्वाराच्या जागी बसला होता. ज्या पेटीने माणसाला धावत बोलवावे तिने आमच्या कोल्हापुरात सर्वांना प्रिय असलेला शब्द उच्चारला होता. त्यात मीच 'स्वस्थ' हा दुसरा शब्द देऊन ठेवलेला. जी पेटी एरवी 'स्वस्थ' म्हणते ती एखाद्या दिवशी 'निवांत' म्हणाली तर कोणाला नवल वाटावे?

"शब्द शुद्ध आहे," मी म्हणालो. माझ्या तोंडून प्रथम हेच निघाले, हे मला आजही लिहवत नाही.

"शुद्ध हाय की," मल्लाप्पा म्हणाले. "पर दूध करपलं."

मग ते खुर्चीत पुढे सरकून बसले. "सर, एक इच्यारू? पट्टीवर रफार उमटत न्हाय, हा पेटीचा दोष हाय. माझ्या एकट्याच्या म्हणण्यावर कंपनी ऐकायची न्हाय. म्हणतील, ह्यो आपली चूक झाकतोय. पर संस्कृत शिकवल्याला माणूस, ज्यानं त्यो शब्द लिवला, त्यालाच त्यो निवांत दिसला, असं तुमी चार ओळी लिवून दिलासा, तर पैल्या चौकटीत खूण करता येती. तानाजी ऱ्हातोय, मीबी ऱ्हातोय."

मी त्यांच्याकडे पाहिले नाही. रफार चुकला म्हणून पस्तीस वर्षे मी मुलांच्या वह्यांवर लाल खुणा केल्या होत्या. गावात अजून वाटेत भेटून वाकून नमस्कार करणारी माणसे आहेत. मी स्वतःचाच शब्द वाचू शकलो नाही, हे सहीनिशी लिहून द्यावयाचे! मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

 मल्लाप्पांनी मोबाइल खिशात ठेवला. "ऱ्हाऊ दे, सर. चहा झकास झालाय आज." त्या दिवशी मी चहा केलाच नव्हता.

दुसऱ्या सकाळी मी पूजा लांबवली. त्यांचे दार वाजवावे असे तीनदा मनात आले. मी वाजवले तेव्हा ते निघून गेले होते. त्यांनी मधल्या चौकटीत खूण केली: बसवणीचा दोष. म्हणजे स्वतःचा. खाली लिहिले, 'अक्षरे नीट दिसत नव्हती, बसवणाऱ्याने तपासून घ्यायला हवी होती.' माझे नाव कोठेही नव्हते. पट्टीवर त्यांनी 'हवा शिरली' असे घातले. तानाजी राहिला आणि कायमही झाला. कंपनीने नुकसान सोसले, आणि वरिष्ठांना न विचारता अक्षरे बदलली म्हणून मल्लाप्पांचा करार संपवला.

त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. संध्याकाळी येत, बसत. दोष दिला असता तर बरे झाले असते. दोन महिन्यांनी ते सामान आवरून अक्काकडे गावी गेले. जाताना आठही बेला वाजवून पाहिल्या. पाटीलकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "आता आमची बंद पडली तर कुणाला सांगायचं वो?" ते म्हणाले, "फोन करा की. मी काय चंद्रावर चाललोय?" गावी ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करीत. दर महिन्याच्या एक तारखेला मला त्यांचा फोन येई. "कसं हाय, सर?" "ठीक आहे." "बरं." एवढेच. सांगावयाचे ते प्रत्येक वेळी माझ्या ओठांपर्यंत येई आणि फोन बंद होई. असे एक वर्ष गेले.

गेल्या महिन्यात फोन वाजला तेव्हा त्यांचाच क्रमांक होता, पण आवाज स्त्रीचा. "सर, मी अक्का बोलत्ये. माझा तम्मा, धाकला भाऊ, ग्येला. झोपेतच ग्येला."

मी एस.टी.ने गेलो. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवले होते. अंगभर भस्म, गळ्यात फुले, आणि डाव्या तळहातावर ते लिंग. पहाटे दारातून दिसत तसेच ते बसले होते. अक्का म्हणाली, "फोनात लई कारखान्यांची नावं हुती, सर. सगळ्यास्नी लावला." पण बाहेरगावचे दोनच जण आले होते. एक मी. दुसरा एक गृहस्थ चिंचेखाली टोपी हातात धरून बसला होता. माती देऊन झाल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"कुठले तुम्ही?"

"शाहूवाडीकडचा. तानाजी माझं नाव. दूध कारखान्यात असतोय. मगदूम अण्णांचा फोन यायचा मला, एक तारखेला." त्याने टोपीची कड दुमडली. "माझ्यापायी त्यांचं काम ग्येलं. मला वाचाय येईना, आन् ह्या माणसानं माझ्यासाठी खोटं लिवलं, की अक्षरं दिसत न्हवती. सगळा कारखाना म्हणतोय, अण्णांनी दया केली. दयेची भाकरी खातोय मी, सर. गिळत न्हाय."

तेव्हा मला माझ्या मौनाची खरी लांबी कळली. मला वाटत होते, ते मल्लाप्पांपाशी संपले. ते इथवर येऊन या माणसाच्या ताटात बसले होते.

मी म्हणालो, "तानाजी, त्यांनी खोटे लिहिले नाही. तो शब्द मी लिहिला होता. मी संस्कृतचा शिक्षक. मल्लाप्पांनी मला त्या पट्टीचे छायाचित्र दाखवले आणि वाचा म्हणाले. मी काय वाचले सांगू? निवांत."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "तुमीबी?"

"मीही."

तो म्हणाला, "मग तवाच का सांगितलं न्हाईसा?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

"माझीच."

तानाजीने टोपी झटकली, पुन्हा हातातच धरली. "मला निवांतराव म्हणत्यात तितं. पोरीला बघाय आल्याल्या पावण्यांनी सुदीक इच्यारलं, निवांतरावांचं घर हेच का म्हणून. पोरगी आत रडली." त्याचा आवाज चढला नाही. "हे तुमी आमच्या खात्यात येऊन सांगशीला का? सगळ्यांसमोर?"

"येतो," मी म्हणालो. या वेळी विचार करून सांगतो असे म्हणालो नाही.

मागल्या गुरुवारी मी गेलो. पाळी बदलण्याच्या वेळी तीस-चाळीस माणसे जमली होती. साहेबही कुतूहलाने येऊन उभे राहिले. दुधाच्या आवकेची नोंद करण्याचा फळा होता, त्यावर मी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले, निर्वात. कोणीतरी मोठ्याने वाचले. मग बोटाने मी त्या रफाराची कमान पुसली आणि ठिपका तेवढा ठेवला. "आता वाचा."

"निवांत!" सारे एकदम म्हणाले आणि हसले. मग हसू आपोआपच थांबले.

मी सांगितले, "तुमच्या पट्टीवर हे असे दिसत होते. हा शब्द माझा. पस्तीस वर्षे अक्षरे शिकवून मीही तो असाच वाचला. तानाजींनी जे वाचले तेच तेथे लिहिलेले होते. मगदूम यांनी दया केली नाही. त्यांनी खरे लिहिले, आणि त्यातला माझा भाग स्वतःवर घेतला, कारण मी तो मागून घेतला नाही."

 मागून एकजण म्हणाला, "मग सर, निवांतराव तुमालाच म्हणायचं व्हय?"

"म्हणा," मी म्हणालो. "ते नाव माझेच आहे. यांच्याकडे चुकून गेले होते."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो माझ्याकडे वळलेला होता आणि मला तो गोड वाटला. तानाजी हसला नाही. त्याने डोक्यावर टोपी घातली आणि पाळीवर जाण्यासाठी आत निघून गेला. मागे वळून पाहिले नाही, याचे मला समाधान वाटले.

कंपनीलाही मी सविस्तर पत्र लिहिले आणि फोन केला. एका मुलीने अत्यंत नम्रपणे सांगितले, "सर, ते उपकरण आता वॉरंटीबाहेर गेलंय. त्या रिपोर्टमध्ये काही बदलता येणार नाही." मी तिचे आभार मानले. तिचे म्हणणे नियमाला धरून होते.

त्या गुरुवारी कारखान्यातून परतताना मात्र एक गोष्ट घडली. जिना चढताना मला कोण जाणे कसला उत्साह आला होता. गुडघ्यांकडे लक्ष नव्हते. तीस माणसांसमोर बोललो, फळ्यावर रफार पुसून दाखवला, कोण काय म्हणाले, हे सारे मनात जुळवीत मी दुसऱ्या मजल्यावर आलो, आणि माझ्या दाराकडे न वळता सरळ समोरच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. हात वर गेला होता. दाराला कुलूप होते आणि कुलपावर वर्षभराची धूळ होती. जे सांगावयाचे होते ते ऐकण्याचा अधिकार जगात एकाच माणसाला होता, आणि मी एक वर्ष उशिरा आलो होतो. मी तेथेच पायरीवर बसलो. खालून जिन्याचा दिवा लागेपर्यंत बसलो होतो. मग उठून घरात गेलो आणि एकट्यापुरता चहा टाकला.

वाचकहो, जगदंबा आपल्या घरी आरोग्य आणि अन्न अखंड ठेवो. आपल्या मुलाबाळांचे कल्याण होवो. आणि जे बोलणे आपण उद्यावर टाकले आहे, ते बोलून होईपर्यंत ऐकणारा माणूस आपल्याजवळ सुखरूप राहो, एवढे मागणे तिच्यापाशी मागून मी लेखणी खाली ठेवतो. शुभं भवतु.